दुर्गम भागातील वीजप्रकल्प आणि गावचा ठेकेदार

कामगार संघटनेत तीस वर्षे घालवलेला माणूस ठेकेदारांविषयी बोलायला उभा राहतो, आणि तेही त्यांची बाजू घेऊन, याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटेल. माझ्या संघटनेतील मित्रांनाही ते वाटले. ठेकेदारी ही पद्धतच वाईट, ती गेली पाहिजे, असे आम्ही इतकी वर्षे सांगत आलो. ते मत मी आजही सोडलेले नाही. परंतु वीज निर्माण करण्याची नवी ठिकाणे आज ज्या डोंगरांत आणि माळांवर उभी राहत आहेत, तेथे गरीब माणसाला काम मिळते ते ठेकेदाराच्या हातूनच. आणि तो ठेकेदार बुडाला की त्याच्याआधी मजूर बुडतो. हे मला पुस्तकातून कळले नाही. एका शनिवारी कळले.

सह्याद्रीच्या एका पठारावर पवनचक्क्यांचे काम चालू होते. पायाचे खोदकाम, रस्त्याचा मुरूम आणि तारेचे कुंपण यांवर जवळच्या गावांतले ३४ मजूर होते. त्यांची सात आठवड्यांची मजुरी थकली होती. रोज ४०० रुपयांप्रमाणे हिशेब केला तर ती रक्कम पावणेसहा लाखांच्या घरात जात होती. शनिवार हा तिथला बाजाराचा दिवस. बाजाराच्या दिवशी हातात पैसा नाही म्हणजे घरात मीठ-मिरची नाही. आम्ही मोर्चा काढला आणि ठेकेदाराच्या दारात जाऊन बसलो.

दार कसले, दोन खोल्यांचे कौलारू घर होते. ठेकेदार त्याच गावचा. कालपर्यंत दुसऱ्याच्या शेतात ट्रॅक्टर चालवणारा, नंतर कर्ज काढून स्वतःचा ट्रॅक्टर घेतलेला. तो घोषणा ऐकून बाहेर आला, पण वाद घालायला लागला नाही. त्याने एक वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "दादा, माझं येणं किती अन् देणं किती, ते तुम्हीच मांडा." मी ओसरीवर बसून मांडले. वरच्या ठेकेदाराकडून त्याला ११ लाख रुपये यायचे होते. ट्रॅक्टर त्याने आदल्याच महिन्यात विकला होता आणि ते पैसे मजुरीतच गेले होते. मी ज्याला शोषक समजून गाठायला आलो होतो, तो माझ्या मजुरांहून फार तर एक हात वर उभा होता.

पुढे चार महिन्यांनी, पुष्कळ खेटे घातल्यावर, पैसे सुटले. तोवर त्या ३४ जणांतले ११ जण ऊसतोडीची उचल घेऊन निघून गेले होते. ठेकेदार आज दुसऱ्याच्या डंपरवर चालक आहे. त्या दिवसापासून मी एक प्रश्न मनात बाळगून आहे: अशा माणसाला हे काम नीट करता यावे, मजुरांना दर आठवड्याला पैसे देता यावेत, यासाठी काय करावे लागेल? आजचे माझे बोलणे त्या प्रश्नाविषयी आहे.

वीज दुर्गम भागातच का जाते?

आधी हे पाहू, की हे प्रकल्प आडगावांतच का येतात. याचे कारण सरळ आहे. वारा पठारावर चांगला, ऊन मोकळ्या माळावर चांगले आणि पाण्याला पडायला उंची घाटात मिळते. शंभर वर्षांपूर्वीही असेच होते. टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली आणि भिऱ्याचे १९२७ साली. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरल्या. मुळशीच्या धरणाला १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली सत्याग्रह झाला, तो आपल्याला ठाऊक आहे. त्यानंतर कोयना आली. तिचे पहिले जनित्र १९६२ साली फिरले. आज कोयनेची एकूण शक्ती १,९०० मेगावॅटच्या वर आहे. या सगळ्या कामांत डोंगरातल्या माणसाच्या वाट्याला काय आले? बहुतेकांना विस्थापन आणि काहींना पाटी-फावडे.

आता नवी लाट आली आहे. साताऱ्यातले वनकुसवडे आणि धुळे जिल्ह्यातले ब्राह्मणवेल येथील पवनचक्क्यांची रांग आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. साक्री तालुक्यात १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ साली उभा राहिला. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली. तिचा दुसरा टप्पा २०२३ साली सुरू झाला आणि त्यातला पहिला, ३ मेगावॅटचा प्रकल्प वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे २०२४ साली कार्यान्वित झाला. हे प्रकल्प छोटे असतात आणि वीज उपकेंद्राजवळ गावोगाव विखुरलेले असतात. शिवाय घाटात पाणी वर चढवून साठवण्याचे प्रकल्प येत आहेत. वीज जास्त असेल तेव्हा खालच्या तळ्यातले पाणी वरच्या तळ्यात चढवायचे आणि गरज पडेल तेव्हा ते सोडून वीज करायची, असा हा प्रकार. घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प २००८ पासून आहे. शिरवता आणि भिवपुरी येथे मिळून २,८०० मेगावॅटचे असे प्रकल्प करण्याविषयी शासन आणि टाटा यांच्यात २०२३ साली करार झाला आहे. म्हणजे पुढची दहा-पंधरा वर्षे हे काम डोंगरांत आणि माळांवर चालणार, हे उघड आहे.

या कामाचा एक गुणधर्म ध्यानात ठेवला पाहिजे. कापडगिरणी उभी राहिली की ती पन्नास वर्षे माणसे पोसते. वीजप्रकल्पाचे तसे नाही. उभारणीच्या वर्ष-दोन वर्षांत शेकडो माणसे लागतात आणि उभारणी संपली की पंचवीस वर्षे मूठभर माणसांवर भागते. सौर प्रकल्पाला तर पहारेकरी, गवत काढणारे, काचा धुणारे आणि दोन-चार तंत्रज्ञ पुरतात. गावाला काही मिळायचे असेल तर ते त्या पहिल्या वर्ष-दोन वर्षांत मिळते. म्हणून पेरणी आधी झाली असली पाहिजे. काम सुरू झाल्यावर ठेकेदार तयार करायला घेणे म्हणजे पाऊस पडू लागल्यावर घर शाकारायला चढणे होय.

ठेक्याची उतरंड

अशा कामात पैसा कसा वाहतो, हे शहरातल्या माणसाला सहसा दिसत नाही. सर्वांत वर प्रकल्पाची मालक कंपनी असते. ती आराखड्यापासून वीज सुरू करून देण्यापर्यंतचा सगळा ठेका एका मोठ्या कंपनीला देते. ती कंपनी त्याचे तुकडे करते: खोदकाम आणि पाये एकाला, लोखंडी सांगाडे दुसऱ्याला, वाहिन्या तिसऱ्याला. हे बहुधा परराज्यातले किंवा मोठ्या शहरातले असतात. त्यांच्याखाली यंत्रे आणि माणसे पुरवणारा असतो. त्याच्याखाली आमचा गावचा ठेकेदार, त्याच्याखाली मुकादम आणि मुकादमाखाली मजूर.

आपण आपल्या घरातली उतरंड पाहिली असेल. वरच्या मडक्याला धक्का लागला तर सगळा भार खालच्यावर येतो. ठेक्याचेही तसेच आहे. मालक कंपनीचे पैसे महिनाभर उशिरा आले की प्रत्येक पायरीवर थोडा थोडा उशीर वाढत जातो. वरच्याजवळ बँकेचे कर्ज असते, वकील असतो, इतर कामे असतात. शेवटच्या पायरीवरच्या माणसाजवळ ट्रॅक्टर असतो.

या माणसापुढे तीन दरवाजे बंद असतात. एकेक करून पाहू.

पहिला दरवाजा: पात्रता

निविदा भरायची तर आधी असे काम केल्याचा दाखला लागतो. सरकारी निविदांतून रुळलेला आणि पुष्कळ कंपन्यांनी उचललेला नियम साधारण असा असतो. गेल्या तीन वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल कामाच्या अंदाजी किमतीच्या निदान ३० टक्के असावी. आणि गेल्या सात वर्षांत तशाच प्रकारची ४० टक्के किमतीची तीन, किंवा ५० टक्के किमतीची दोन, किंवा ८० टक्के किमतीचे एक काम पुरे केलेले असावे.

नियम वाईट नाही. अनुभव नसलेल्याच्या हाती मोठे काम कोण देईल? परंतु त्याचा परिणाम पाहा. कुंपण, रस्ता आणि गटार यांचे मिळून एक कोटीचे एकच काम काढले, तर ३० लाखांची उलाढाल आणि ८० लाखांचे जुने काम दाखवावे लागते. त्या तालुक्यात असा माणूस एक असेल किंवा नसेलही. आता तेच काम दहा लाखांच्या दहा भागांत काढले, तर तीन लाखांची उलाढाल आणि आठ लाखांचे एक जुने काम पुरते. ग्रामपंचायतीची शाळाखोली किंवा पाणंद रस्ता केलेला माणूस त्यात बसतो. कामही तेच आणि नियमही तोच. फक्त कापड कापणाऱ्याने कात्री कोठे लावली, एवढ्यानेच दरवाजा उघडतो किंवा बंद होतो.

सरकारला हे माहीत नाही असे नाही. शासनाच्या छोट्या बांधकामांत मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांच्यासाठी वाटा राखण्याची प्रथा आपल्या राज्यात जुनी आहे. केंद्र सरकारच्या कंपन्यांनी आपल्या वार्षिक खरेदीचा २५ टक्के भाग सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडून घ्यावा, असेही धोरण आहे. परंतु ते माल आणि सेवांच्या खरेदीला आहे, बांधकामाच्या ठेक्याला नाही; आणि खाजगी कंपनीला तर ते बांधीलच नाही. डोंगरातले बहुतेक काम नेमके या दोन फटींतून निसटते.

दुसरा दरवाजा: पैसा

या दरवाजापाशी बहुतेक जण कोसळतात. आपण एक सोपा हिशेब मांडू. समजा, गावच्या ठेकेदाराने महिन्यात दहा लाखांचे काम केले. त्यात मजुरी चार लाख, डिझेल आणि यंत्रांचे भाडे चार लाख, किरकोळ एक लाख. खर्च नऊ लाख, म्हणजे कागदावर नफा एक लाख. गाव म्हणते, गडी लखपती झाला.

आता वेळ पाहू. मजुरी दर शनिवारी द्यायची, डिझेल रोखीने भरायचे. बिल महिनाअखेर लागते. मग मोजमाप होते, ते तपासले जाते, सही होते, आणि पैसे येतात तीन महिन्यांनी. नऊ लाखांपैकी तीन लाख त्याचे स्वतःचे धरू. सहा लाख त्याने सावकाराकडून महिना शेकडा तीन रुपयांनी काढले. तीन महिन्यांचे व्याज झाले ५४ हजार. बिलातून पाच टक्के, म्हणजे ५० हजार, वर्षभरासाठी राखून ठेवले जातात. काम खचले तर दुरुस्तीला हवेत म्हणून. एक टक्का, म्हणजे दहा हजार, आयकरापोटी कापले जातात. हाती आले नऊ लाख चाळीस हजार. त्यातून खर्च नऊ लाख आणि व्याज ५४ हजार वजा करा. खिशातून १४ हजार गेले!

राखून ठेवलेले पैसे नंतर मिळतील, हे खरे. पण तोवर दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्याचेही काम झालेले असते. पहिला रुपया हाती पडण्याआधी त्याचे २७ लाख अडकलेले असतात. त्यावर वस्तू आणि सेवा कराचे ओझे असते. दहा लाखांच्या बिलावर १८ टक्क्यांनी एक लाख ऐंशी हजार कर होतो. कंपनीने बिल चुकते केलेले असो वा नसो, साधारणपणे पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत तो भरावा लागतो. कारखानदाराला कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळते. आमच्या माणसाचा मुख्य खर्च मजुरी आणि डिझेल. या दोहोंवर तशी वजावट नाही. हे गणित न समजलेला माणूस जितके काम जास्त मिळवतो तितका लवकर बुडतो.

आता याच गणितात एकच गोष्ट बदला. कंपनीने दर पंधरा दिवसांनी मोजमाप करून पैसे दिले असे धरा. व्याज ५४ हजारांऐवजी नऊ हजार होते. १४ हजारांचा खड्डा जातो आणि ३१ हजार हाती राहतात. राखून ठेवलेले ५० हजार आणि आयकराचे दहा हजार यांवरचा हक्क शाबूत राहतो तो वेगळाच. ठेकेदार तोच, त्याची अक्कल तीच, मजूर तेच. म्हणून मला जेव्हा कोणी सांगतो की "स्थानिक ठेकेदार अकार्यक्षम असतात", तेव्हा मी त्याला विचारतो, बिल किती दिवसांनी दिले होते?

कायद्याने यात काही आधार दिला आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म अथवा लघु पुरवठादाराचे पैसे फार तर ४५ दिवसांत दिले पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. मात्र बांधकामाच्या ठेक्याला हा कायदा लागू होतो की नाही, यावर न्यायालयांतून वाद झालेले आहेत. म्हणून यंत्र भाड्याने देणे, वाहतूक, कुंपणाचा माल, अशा गोष्टींचे बिल वेगळे असावे, हे शहाणपणाचे. पण हे त्याला सांगणार कोण? उद्यम नोंदणी फुकट होते, हे न कळल्यामुळे दलालाला पैसे मोजलेली माणसे मी पाहिली आहेत.

तिसरा दरवाजा: सुरक्षितता आणि कागद

विजेचे काम म्हणजे चुकीला क्षमा नसलेले काम. तारेवर चढण्याआधी प्रवाह बंद केल्याचा लेखी परवाना हवा, तार जमिनीशी जोडलेली हवी, उंचीवर कमरेला पट्टा हवा. मी उमेदीच्या काळात वाहिन्यांच्या कामावर मदतनीस होतो. "लवकर आटप" या दोन शब्दांनी माणूस कसा जातो ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा मोठ्या कंपन्या सुरक्षिततेची कलमे घालतात, त्याविषयी माझी तक्रार नाही. ती आणखी कडक असावीत असेच मी म्हणेन. पण ती कलमे चाळीस पानांच्या इंग्रजीत असतात आणि काम मिळाल्याच्या दिवशी सहीसाठी पुढे येतात. गावचा ठेकेदार न वाचता सही करतो. त्याने पट्ट्यांचा, बुटांचा, विम्याचा खर्च दरात धरलेलाच नसतो. मग तो कोठून निघणार? मजुराच्या जिवावरून निघतो.

विजेच्या कामाला परवानाधारक विद्युत ठेकेदार आणि वायरमन लागतात. २०१५ पासून सूर्यमित्र योजनेतून सौर तंत्रज्ञ शिकवले गेले, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वायरमन बाहेर पडतात. मुले शिकतात, पण काम धरणारा माणूस गावात नसेल तर ती शिकलेली मुले शहरात दुकानांवर लागतात. मजूर शिकवला आणि ठेकेदार शिकवला नाही, तर शिक्षण अर्धेच राहते.

आपलेच एक जुने उदाहरण

हे सगळे जमण्यासारखे आहे का? आपल्याकडे हे एकदा झालेले आहे. ठाणे, नाशिक, धुळे या भागांतील जंगलतोडीचे ठेके पूर्वी लिलावाने व्यापाऱ्यांकडे जात. मुंबई शहराला लागणारे जळण आणि लोणारी कोळसा या कुपांतून यायचा. तोही त्या काळचा इंधनाचाच धंदा होता. तोडणारा आदिवासी, घेणारा ठेकेदार. १९४७ पासून, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, जंगल कामगार सहकारी संस्था निघू लागल्या. कूप लिलावाला न काढता ठरवून या संस्थांना द्यायचे, आणि हिशेब, पत्रव्यवहार, विक्री शिकवायला सेवाभावी संस्थांनी पाठीशी उभे राहायचे, अशी ती योजना होती. ज्या माणसाला कालपर्यंत वजनकाट्यावर फसवले जात होते, तो सभासद म्हणून नफ्याचा वाटेकरी झाला.

जेथे या संस्था चालल्या तेथे तीन गोष्टी होत्या: काम आधी ठरलेले होते, ते झेपेल एवढ्या आकाराचे होते, आणि हिशेबाला विश्वासाचा माणूस होता. जेथे त्या खचल्या तेथे वही एकट्या चिटणिसाच्या हाती राहिली आणि सभासद पुन्हा मजूरच झाले. पुढे तोडच कमी झाली आणि कूप मिळेनासे झाले, तेव्हा एकाच धंद्यावर उभ्या असलेल्या संस्था हतबल झाल्या. हे दोन्ही धडे आपल्याला हवेत.

अलास्काचा दाखला

असाच प्रश्न पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, अमेरिकेच्या अलास्का प्रांतात, आपल्याहून पुष्कळ मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. त्याची थोडी माहिती मी मिळवली आहे. उत्तर ध्रुवाकडच्या किनाऱ्यावर प्रूडो बे येथे १९६८ साली तेल सापडले. ते दक्षिणेच्या बंदरापर्यंत न्यायला सुमारे १,२८७ किलोमीटर लांबीची वाहिनी हवी होती. वाटेतल्या जमिनीवर तेथील मूळ रहिवाशांचा हक्क होता आणि तो मिटवल्याशिवाय वाहिनी पुढे जाईना. शेवटी डिसेंबर १९७१ मध्ये कायदा झाला. मूळ रहिवाशांना ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर मिळाले. ही भरपाई हाती वाटून न टाकता त्यांच्या बारा प्रादेशिक आणि दोनशेच्या आसपास गाव-कंपन्या उभ्या केल्या, आणि माणसामाणसाला त्यांचे भागधारक केले. वाहिनीसाठी १९७४ साली जमीनवापराचा जो करार झाला, त्याच्या २९ व्या कलमात मूळ रहिवाशांना शिक्षण आणि नोकरी देण्याचे बंधन घातले गेले. तेल १९७७ साली वाहू लागले. १९६९ ते १९७७ या काळात या कामावर एकंदर ७०,००० च्या आसपास माणसे लागली.

यातले महत्त्वाचे असे की, उभारणी सुरू होण्याच्या आधी गावाच्या हाती भांडवल, संस्था आणि करारातले कलम या तिन्ही गोष्टी आल्या होत्या. मोठे काम एकदम अंगावर न घेता पुष्कळांनी छावण्यांतले जेवण, साफसफाई, पहारा यांपासून सुरुवात केली आणि जाणत्या कंपनीशी भागी करून पुढे काम शिकून घेतले. सगळेच सुखाचे झाले असे नाही. अनेक कंपन्यांनी पहिल्या दहा-पंधरा वर्षांत पैसा गमावला. बेरिंग सामुद्रधुनीच्या भागातील कंपनीने १९८६ साली दिवाळखोरी जाहीर केली. ज्या टिकल्या त्यांतल्या काही आज तेलक्षेत्रातल्या मोठ्या ठेकेदार आहेत. आपल्याकडे मात्र जमिनीचा मोबदला वाटला की विषय संपला असे आपण समजतो. मोबदल्याचा पैसा लग्नात आणि मोटारसायकलीत जातो, आणि त्याच जमिनीवरचे काम परक्याकडे.

काय करावे?

माझ्या अनुभवातून मला पाच गोष्टी सुचतात.

पहिली, प्रकल्पाला मंजुरी मिळाली की उभारणीच्या निदान एक वर्ष आधी ग्रामसभेत कामांची यादी मराठीत लावावी: कोणते काम, केवढ्याचे, कधी निघणार आणि त्याला काय लागणार. त्या वर्षात ज्याला परवाना काढायचा तो काढील, ज्याला भागी करायची तो करील.

दुसरी, रस्ता, कुंपण, गटार, वाहतूक, जेवण, पहारा आणि पुढे पंचवीस वर्षांची साफसफाई, ही कामे झेपतील अशा तुकड्यांत काढावीत.

तिसरी, शेवटच्या पायरीचे बिल पंधरा दिवसांत चुकते करण्याचे कलम वरच्या करारातच असावे. वरच्याला पैसे मिळाले नाहीत ही सबब खालच्याला सांगता येऊ नये.

चौथी, सुरक्षिततेचा खर्च दरातून वेगळा काढून दाखवावा, म्हणजे स्वस्त दराच्या शर्यतीत पहिला बळी कमरेच्या पट्ट्याचा जाणार नाही.

पाचवी गोष्ट माझ्या बाजूची आहे. मजुरी हे पहिले देणे मानावे. हजेरीपट रोज भरावा, मजुराला त्याची नक्कल मिळावी, आणि मजुरी थेट खात्यावर जावी. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितेतही राहिले आहे. परंतु मी कामावर होतो एवढे सिद्ध करणारा कागद मजुराजवळ नसेल, तर तत्त्व पुस्तकात राहते.

येथे एक धोक्याची सूचना दिली पाहिजे. "स्थानिकांना काम द्या" ही मागणी न्यायाची असली तरी तिच्या आडून गावचा दांडगा पुढे येतो. रस्ता अडवायचा, काम बंद पाडायचे आणि स्वतःच्या दोन डंपरांसाठी ठेका उकळायचा, ही रीत झाली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि तपासात पवनऊर्जेच्या कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचा आरोप पुढे आला, हे आपण वृत्तपत्रांतून वाचले आहे. ठेके दबल्या आवाजात वाटले जातात तेथे असा माणूस फोफावतो. कामांची यादी चावडीवर लागली, दर उघड झाले आणि दहा जणांना पात्र होता आले, की त्याचा धाक आपोआप कमी होतो. तेव्हा साध्या ठेकेदाराला तयार करणे हा गुंडगिरीवरचाही एक उपाय आहे.

कोणी म्हणेल, कंपनी हे का करील? धर्म म्हणून करू नये, हिशेब म्हणून करावे. गावाशी तंटा होऊन महिनाभर काम बंद पडले, तर भाड्याची मोठी यारी उभ्याउभ्या जे भाडे खाते, त्यात गावच्या ठेकेदाराचे बिल वेळेवर दिल्याचा खर्च कितीदा तरी भरून निघेल.

शेवटी आपल्याविषयी. या सभागृहात बँकेतले लोक आहेत, हिशेबतपासनीस आहेत, वीज मंडळातून निवृत्त झालेले अभियंते आणि प्रशिक्षण संस्थेतले शिक्षक आहेत. पूर्वी जंगल कामगार संस्थांच्या पाठीशी जी माणसे उभी राहिली, ती आपल्यासारखीच शहरातली होती. महिन्यातून एका बाजाराच्या दिवशी आपल्यातले चारजण तालुक्याच्या गावी बसले, निविदेचे कागद मराठीत समजावून सांगितले, दर कसा काढावा आणि बिल कसे लावावे हे दाखवले, तर वर्षभरात दहा माणसे उभी राहतील. मी ज्या ओसरीवर बसून तो हिशेब मांडला, तो काम घेण्याआधी कोणी मांडून दिला असता, तर ते ३४ मजूर आणि तो ट्रॅक्टरवाला, कोणीच बुडाले नसते. त्या वहीत कठीण असे काही नव्हते. बेरीज, वजाबाकी आणि व्याज, एवढेच होते. व्याख्यान संपल्यावर मी बाहेर व्हरांड्यात थांबणार आहे. ज्यांना महिन्यातला एक दिवस देता येईल त्यांनी आपले नाव द्यावे, म्हणजे पहिली बैठक कोठे भरवायची ते आजच ठरवता येईल.